औषधदान : उरलेल्या औषधांचा इतिहास आणि आपला विवेक



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य ताग्यांच्या घड्या उलगडण्यात आणि पुन्हा घालण्यात गेले. बी. कॉम. झालो त्यालाही आता चाळीस वर्षे उलटली. लेखणी चालली ती खातेवहीतच. तथापि महोत्सवाच्या तयारीत एक लहानसे काम माझ्या वाट्याला आले आणि त्या कामाने मला इतके अस्वस्थ केले की, त्याविषयी मिळेल ते वाचून चार शब्द लिहावेत असे वाटू लागले.

भवनाच्या जिन्याखाली एक लाकडी कपाट होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ‘उरलेली औषधे येथे ठेवावीत, गरजूंनी घेऊन जावीत’ अशी पाटी त्यावर होती. ती कोणी लावली हे आज नक्की सांगता येणार नाही. पण हेतू निःसंशय पवित्र होता. रंगकामासाठी कपाट हलवायचे ठरले, तेव्हा आतील वस्तूंची मोजदाद करण्याचे काम, ‘हिशेबाचा माणूस’ म्हणून, माझ्याकडे आले. औषधविक्रीच्या धंद्यातील एका मित्राला सोबत घेऊन मी तीन संध्याकाळी ते कपाट रिकामे केले. निम्म्याहून अधिक औषधांची मुदत संपलेली. कात्रीने कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, ज्यांवर नाव नाही की तारीख नाही. उघडलेल्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या. शीतपेटीत ठेवावयाच्या इन्सुलिनच्या कुपी, उन्हाळ्यात चाळीस अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावात, साध्या फळीवर. आणि सर्वांत मागे, रबराने बिल गुंडाळून ठेवलेले, सील न उघडलेले कर्करोगाच्या गोळ्यांचे एक पाकीट. त्या पाकिटाविषयी पुढे लिहीन.

दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी आपण दरवर्षी चार दाने ऐकतो : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात औषधदानाचे उदाहरण म्हणून वृषभसेनेचे नाव घेतले आहे. तिची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. मला त्या कथेतील एकच गोष्ट येथे नमूद करावयाची आहे, ती म्हणजे तिने आजारी मुनींची औषधोपचारांनी सेवा केली. आपल्या घरी उरलेले काही तिने नेऊन ठेवले नव्हते. रोग पाहून औषध योजले गेले होते. त्या काळी औषध उरण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. काढा रोजच्या रोज होई, चूर्णाच्या पुड्या वैद्य मोजून देई. उरलेले औषध हे कारखान्यातील गोळीचे, पट्टीचे आणि छापील मुदतीचे अपत्य आहे, म्हणजे फार तर शे-सव्वाशे वर्षांचे. आपल्या पूर्वाचार्यांनी त्याविषयी स्वतंत्र विवेचन केले नाही यात नवल नाही. पण कसोटी मात्र त्यांनी देऊन ठेवली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामी सांगतात की, विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांच्या वैशिष्ट्यानुसार दानाचे फळ बदलते. दाता चांगला असला म्हणजे दान चांगले झाले, असे ते म्हणत नाहीत. आपण मात्र बहुतेक वेळा दात्यापाशीच थांबतो, त्याचे नाव फलकावर लिहितो आणि घरी जातो.

हे शब्द कठोर वाटतील, म्हणून आधी स्वतःचेच उदाहरण देतो. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आपल्या पर्वाची सांगता. उपवासाचे पारणे करून आम्ही तरुण मंडळी मदत गोळा करण्यास निघालो. माझ्या दुकानात त्या वेळी तीन-चार हंगाम न खपलेला बराच माल होता : भडक छापाचे कापड, कटपीस, डाग पडलेले तागे. मी तो सारा ट्रकवर चढवला आणि मला अतिशय समाधान वाटले. तेथे पोहोचल्यावर पाहिले, तर रस्त्याच्या कडेला जुन्या-पान्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. लोकांना हवे होते पत्रे, भांडी, सतरंज्या. एका वृद्ध शेतकऱ्याने माझ्या ताग्याकडे पाहून हात जोडले आणि म्हटले, ‘‘शेठ, ह्याचं काय करू?’’ मी त्या दिवशी दान केले की वखार रिकामी केली, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

कापड निदान कोणाचा जीव घेत नाही. औषधाची गोष्ट निराळी आहे, आणि ती जगाने फार मोठी किंमत मोजून शिकली.

दि. ७ डिसेंबर १९८८ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील आर्मेनियात भयंकर भूकंप झाला. सुमारे पंचवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगभरातून करुणेचा पूर लोटला आणि त्या पुरासोबत सुमारे ५००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. किंमत साडेपाच कोटी डॉलर. एवढ्याची तेथे गरजच नव्हती. काय आले आहे हे नुसते समजून घेण्यास पन्नास माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के औषधांची मुदत येतानाच संपलेली होती, चार टक्के थंडीने गोठून नष्ट झाली. उरलेल्यांपैकी सहज ओळखता येतील अशी केवळ तीस टक्के होती. कारण बहुतेकांवर आपापल्या देशातील व्यापारी नावे छापलेली. ज्यांच्या घरावर छप्पर नाही असे लोक जखमी पडलेले असताना पन्नास जाणती माणसे सहा महिने लेबले वाचत बसली, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढल्याच वर्षी, १९८९ मध्ये, आफ्रिकेतील एरिट्रियात स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. काय हवे आहे ते तेथील लोकांनी विचारपूर्वक कळवले होते. तरी सात ट्रक भरून मुदत संपलेल्या अॅस्पिरिनच्या गोळ्या आल्या आणि त्या जाळण्यास सहा महिने लागले. अर्ध्या लिटरच्या तीस हजार बाटल्या अशा आल्या की, त्यांची मुदत तर संपलेलीच, पण दुर्गंधीमुळे वस्तीजवळ कोठेही त्या ओतता येईनात.

युरोपातही असेच घडले. बोस्नियाच्या युद्धकाळात, १९९२ ते १९९६ या वर्षांत, तेथे आलेल्या वैद्यकीय मदतीपैकी सुमारे १७,००० टन माल निरुपयोगी होता, असा अंदाज १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची विल्हेवाट लावण्याचा अंदाजे खर्च ३ कोटी ४० लाख डॉलर. व्यापारी माणूस भागाकार केल्याशिवाय राहत नाही : टनामागे दोन हजार डॉलर. दहा टनी ट्रक धरला तर सतराशे ट्रक. हा खर्च दात्याच्या खाती पडत नाही, ज्याच्या दारात माल टाकला त्याच्या खाती पडतो. देणारा मात्र दोन्हीकडून सुटतो : मुदत संपत आलेला साठा आपल्या देशात नष्ट करण्याचा खर्च वाचतो आणि काही देशांत दान म्हणून करसवलतही मिळते. हे वाचताना मला माझे किल्लारीचे तागे आठवले, ते उगाच नव्हे.

लिथुआनियातील घटना तर याहून बोलकी आहे. १९९३ मध्ये तेथे दानात आलेल्या एका औषधासोबत माहितीपत्रक नव्हते. डॉक्टरांनी नावसाधर्म्यावरून अंदाज बांधला आणि स्त्रियांच्या गर्भाशयाच्या विकारावर ते दिले. प्रत्यक्षात ते क्लोझँटेल होते, जनावरांच्या पोटातील जंतांवरचे औषध. अकरा स्त्रियांची दृष्टी गेली, सुदैवाने तात्पुरती. यात दुष्ट कोणीच नव्हता. पाठवणारा दयाळू, देणारा डॉक्टर, घेणारी श्रद्धाळू. आपल्या कपाटातील नाव नसलेल्या पट्ट्यांचे तुकडे हातात घेताना मला त्या अकरा जणींची आठवण झाली आणि खरे सांगतो, हात थरथरला.

घराघरांतील उरलेली औषधे गोळा करण्याचा सर्वांत मोठा व सुसंघटित प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १९९१ मध्ये तेथील एका स्वयंसेवी संस्थेने चार हजार औषधदुकानांतून चाळीस लाख किलो औषधे जमवली. अठ्ठ्याऐंशी केंद्रांत ती निवडली गेली. उपयोगी निघाली सुमारे वीस टक्के, बाकीची जाळली. पुढेही काही वर्षे अशी औषधे गरीब देशांत पाठवली जात होती. अखेर २००७ मध्ये फ्रान्सने कायदा केला आणि २००८ संपताना ते पाठवणे पूर्णपणे बंद झाले. आता तेथे परत आलेले औषध जाळण्यासाठीच घेतले जाते.

दरम्यान १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. त्यांचा पाया चार तत्त्वांवर आहे : घेणाऱ्याचे अधिकाधिक हित व्हावे, त्याच्या इच्छेचा व अधिकाराचा मान राखावा, दर्जात दुजाभाव नसावा, आणि देणारा-घेणारा यांच्यात आधी बोलणे व्हावे. उमास्वामींच्या चार कसोट्यांशी ही तत्त्वे शब्दशः जुळतात असे मी म्हणणार नाही. तसे ओढून-ताणून जुळवणे आपल्याकडे फार चालते. पण दानाचे मोजमाप दात्याच्या भावनेपलीकडे जाऊन करावयाचे, ही दृष्टी दोन्हीकडे आहे. त्यातील तिसरे तत्त्व मला सर्वांत अधिक बोचले. जे औषध आपल्या देशात, आपल्या घरी, आपल्या मुलाला देण्यायोग्य मानत नाही, ते दुसऱ्यालाही देऊ नये. म्हणूनच त्या नियमांत असे आहे की, एकदा रुग्णाच्या हाती जाऊन परत आलेले औषध दान करू नये, आणि पोहोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी.

यावर कोणी विचारील, आणि विचारावेच, की मग सारे जाळूनच टाकावयाचे काय? एका बाजूला औषधाअभावी माणूस मरतो आणि दुसऱ्या बाजूला चांगले औषध भट्टीत जाते, हा कोणता धर्म? हा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील टल्सा परगण्यात निवृत्त डॉक्टर मंडळी वृद्धाश्रमांत व शुश्रूषागृहांत स्वतः जाऊन उरलेली औषधे आणीत आणि औषधशास्त्रज्ञांनी तपासल्यावर ती गरिबांना मोफत मिळत. हा उपक्रम २००४ मध्ये सुरू झाला. आयोवा राज्याने २००७ पासून अशीच व्यवस्था उभी केली. तेथे सील शाबूत हवे, मुदत शिल्लक हवी, जाणकाराची तपासणी हवी आणि नशा आणणारी औषधे मुळीच नकोत. मला त्यातील मर्म असे दिसते की, शुश्रूषागृहातील औषध परिचारिकेच्या कुलपात असते. ते कोठे व कसे राहिले, याचा साक्षीदार असतो. माझ्या स्वयंपाकघरातील फळीला साक्षीदार नाही. कापड परत घेताना आम्ही घडी उलगडून पाहतो, डाग दिसतो. गोळीवरचा डाग दिसत नाही.

आपल्या देशातील स्थिती काय? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये औषधाच्या विक्रीलाच नव्हे, तर वाटपालाही परवाना लागतो. नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालये आदींना काही अटींवर सूट आहे. जिन्याखालच्या कपाटाला ती नाही. इतकी वर्षे आपण कायदा मोडत होतो, हे माझ्या मित्राने सांगितले तेव्हा मी चकित झालो. २०१४ पासून तर अनेक प्रतिजैविके व क्षयाची औषधे अशा अनुसूचीत आहेत की, विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. आमच्या कपाटात त्याच प्रतिजैविकांच्या अर्ध्या पट्ट्या सर्वांत जास्त होत्या. मित्र म्हणाला, ‘‘ही उरलीच कशी, ते विचारा. पाच दिवसांची दिली होती, दोन दिवसांत ताप उतरला म्हणून सोडली.’’ म्हणजे जे आपण बचत समजत होतो, तो अर्धवट सोडलेला उपचार होता. आणि तोच अर्धवट उपचार आपण दुसऱ्याला देत होतो.

बरे, फेकून द्यावे म्हटले तरी जीवदया आडवी येते, आणि ती यावीच. गिधाडांची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. डायक्लोफेनॅक हे सांधेदुखीवरचे साधे औषध. गुरांना दिले गेले, मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारतातील गिधाडांच्या तीन जातींतील पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाले. कारण २००४ मध्ये उमगले, २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातच होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकारच तीन मिलिलिटरवर आणावा लागला. ती उरलेल्या औषधांची कथा नव्हे, हे मान्य. पण एकाचे औषध दुसऱ्या जिवाला विष कसे होते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. गटारात ओतलेल्या बाटलीखाली किती जीव आहेत, हे अहिंसा अणुव्रत पाळणाऱ्याने तरी विचारात घ्यावे. केरळ राज्याने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घराघरांतील जुनी औषधे गोळा करून शास्त्रीय रीतीने नष्ट करण्यास आरंभ केला. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनेही त्याच वर्षी मे महिन्यात विल्हेवाटीची मार्गदर्शिका काढली. तिच्यातील सतरा औषधे, तीव्र वेदनाशामके व तत्सम, घरात राहिल्यास इतकी घातक की ती शौचकुपात वाहून टाकावीत असे तीत सांगितले आहे; बाकीची अधिकृत संकलनात द्यावीत.

येथवर लिहिताना मी स्वतःला न्यायाधीशाच्या आसनावर बसवले, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून एप्रिल २०२१ मधील एक प्रसंग सांगणे भाग आहे. माझे थोरले बंधू कोरोनाने रुग्णालयात होते. डॉक्टरांनी रेमडेसिव्हिरच्या सहा कुप्या आणावयास सांगितल्या : पहिल्या दिवशी दोन, पुढे चार दिवस एकेक. त्या कशा मिळवल्या, ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ गेले. दोन कुप्या माझ्या खिशात राहिल्या. स्मशानातून परतण्यापूर्वीच दूरध्वनी सुरू झाले. कोणी छापील किमतीच्या कितीतरी पट देऊ करीत होता, कोणी नुसता रडत होता. मी त्या कुप्या रुग्णालयाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एका तरुणाला दिल्या. त्याच्या वडिलांना हव्या होत्या. पैसे घेतले नाहीत. त्या दिवसभर माझ्या स्कूटरच्या डिकीत, वैशाखाच्या उन्हासारख्या उन्हात, होत्या, हे मी त्याला सांगितले नाही. मला स्वतःलाच तेव्हा ते सुचले नाही. या औषधाने प्राण वाचतात असा पुरावा नाही आणि ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवले होते, हे मी नंतर वाचले. दाता म्हणून माझे मन त्या क्षणी निर्मळ होते, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. द्रव्याविषयी आणि विधीविषयी मात्र काहीच सांगू शकत नाही. त्या तरुणाचे नावही मी विचारले नव्हते.

आता त्या पाकिटाविषयी. मुदत संपून चार महिने झाले होते. बिलावरील तारखेशी ताडून पाहिले, तर ते कपाटात आले तेव्हा त्याची चौदा महिन्यांची मुदत शिल्लक असावी. सील शाबूत, बिल सोबत, साठवणुकीला थंडीची गरज नाही. देणाऱ्यांनी त्यांच्या परीने सारे यथायोग्य केले होते. त्याच आठवड्यात ते एखाद्या कर्करोग रुग्णालयाच्या औषधशास्त्रज्ञाकडे नेऊन विचारले असते, तर त्यांनी ते घेतले असते किंवा नाकारले असते. निदान कोणी जाणत्याने ठरवले असते. आम्ही ते खोकल्याच्या बाटल्यांमागे ठेवून दिले. कुलूप नव्हते, नोंदवही नव्हती, जबाबदार माणूस नव्हता. मित्राने ते इतर मालासोबत जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकृत गाडीत दिले आणि पोच आणली. ती मी ट्रस्टच्या दप्तरात लावली आहे. कपाट आता तेथे नाही. विश्वस्तांनी त्या जागी चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या असे धुऊन पुन्हा वापरता येणारे साहित्य ठेवावयाचे ठरवले असून त्याची वही माझ्याकडे आहे.

बिलावर रुग्णाचे नाव होते. ती व्यक्ती आज हयात नाही. घरची मंडळी आपल्यातीलच आहेत, दर चतुर्दशीला मंदिरात भेटतात. ते पाकीट कोणाच्या उपयोगी पडले, असे त्यांनी मला एकदा विचारले होते. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हते आणि मी ‘पडले असेल’ म्हणालो. ते ही स्मरणिका वाचतील.